सीटी स्कॅन नॉर्मल, तरी पक्षाघात कसा? थेट एमआरआय करायला हवा होता का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, बीपी आणि मधुमेह दोन्ही. रात्री साडेदहाला व्यवस्थित जेवून झोपले. सकाळी सहाला उठवायला गेलो तर उजवा हात-पाय उचलेना, तोंड डावीकडे ओढलेलं, बोललेलं कळेना. तालुक्याच्या ठिकाणी सीटी स्कॅन केला, रिपोर्ट ‘नॉर्मल’. तरीही तिथल्या डॉक्टरांनी पक्षाघात सांगून शहरात पाठवलं. तिथे डाय टाकून मान आणि डोक्याचा सीटी केला, लगेच एमआरआय, आणि मग जांघेतून नळी घालून गुठळी काढली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. आता हात उचलतात, शब्द अजून अडतात. पहिला स्कॅन वाया गेला का? सुरुवातीलाच एमआरआय केला असता तर वेळ वाचला असता का? तीन-तीन स्कॅनची खरंच गरज होती का? उद्या आईला असं झालं तर कोणता स्कॅन मागायचा?

वडिलांचा हात उचलू लागला हे वाचून फार बरं वाटलं. मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि पक्षाघाताचे स्कॅन वाचणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तुमचे फोटो मी पाहिलेले नाहीत. तुम्ही लिहिलेला घटनाक्रम आणि रिपोर्टमधला मजकूर यावरून उत्तर देतो आहे.

पहिला सीटी वाया गेला नाही. अंगावरून वारं गेलेला माणूस दारात आला की पहिल्यांदा एकच गोष्ट कळायला हवी असते: मेंदूत रक्त सांडलंय की रक्त अडलंय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तोच लुळा हात, तीच अडखळलेली जीभ. उलट्या, असह्य डोकेदुखी, भराभर हरपत जाणारी शुद्ध यावरून रक्तस्रावाचा संशय घेता येतो, पण संशयावर औषध देता येत नाही, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावाच्या रुग्णाला दिलं तर जीव जाऊ शकतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी झाला. त्याआधी जिवंत माणसाच्या कवटीत रक्त आहे की नाही हे सरळ पाहायची सोयच नव्हती. मानेच्या धमनीत डाय सोडून रक्तवाहिन्या कुठे सरकल्यात ते बघायचं किंवा पाठीतलं पाणी काढायचं, आणि त्यावरून तर्क लढवायचा.

आज साधा सीटी हे काम मिनिटाभरात करतो. सीटीवर प्रत्येक पदार्थाला घनतेनुसार एक अंक मिळतो. पाणी शून्य, मेंदूचा राखाडी भाग चाळिशीच्या आसपास, पांढरा भाग त्याहून थोडा खाली, आणि ताजं गोठलेलं रक्त साधारण ६० ते ८०. म्हणून ताजा रक्तस्राव राखाडी मेंदूत पांढराशुभ्र उठून दिसतो. रात्रपाळीच्या नवख्या डॉक्टरलाही तो सहसा चुकत नाही, आणि फोनवर पाठवलेल्या फोटोतही बहुतेक वेळा ओळखू येतो.

आता ‘नॉर्मल’कडे वळू, कारण घरच्यांचा सगळा गोंधळ या शब्दाने होतो. रक्त अडल्यावर मेंदूच्या पेशींचं काम काही सेकंदांत थांबतं, म्हणून हात लगेच पडतो. सीटीला मात्र पेशींचं काम दिसत नाही, घनता दिसते. घनता बदलायला त्या भागात पाणी साठावं लागतं, आणि ते तासातासाने साठतं. पाणी एक टक्क्याने वाढलं तर तो अंक जेमतेम अडीचने उतरतो. एवढा फरक पहिल्या दोन-तीन तासांत डोळ्याला दिसेलच असं नाही. पूर्ण काळपट झालेला भाग स्पष्ट दिसायला बऱ्याचदा दुसरा दिवस उजाडतो. म्हणजे पक्षाघात आहे, आणि सीटी नॉर्मल आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सुरुवातीच्या तासांत तर असं नेहमीच घडतं.

तरीही सरावलेली नजर त्या ‘नॉर्मल’ सीटीत काही खुणा शोधते. आम्ही स्क्रीनवरची राखाडी छटांची पट्टी मुद्दाम अरुंद करतो, म्हणजे बारीक फरक ठळक होतो. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूची एक घडी असते, तिची कडेची राखाडी रेघ पुसट झाली आहे का? खोलवरच्या राखाडी गाठींची सीमारेषा विरली आहे का? मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीत गुठळी बसली असेल तर ती धमनीच दोरीसारखी पांढरी दिसते. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००० साली या खुणा मोजायची एक पद्धत दिली, तिला ॲस्पेक्ट्स म्हणतात. धमनीच्या पाणलोटाचे दहा भाग पाडायचे, बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण वजा करायचा. दहापैकी दहा म्हणजे अजून काही गमावलेलं दिसत नाही. माझं आग्रहाचं मत असं की पक्षाघाताच्या सीटीचा रिपोर्ट नुसता ‘नॉर्मल’ लिहू नये. ‘रक्तस्राव नाही, ॲस्पेक्ट्स १०’ असं लिहिलं की पुढच्या डॉक्टरला काम सुरू करता येतं आणि नातेवाईकही ‘काही नाही निघालं’ म्हणून घरी परतत नाहीत. परत गेलेले रुग्ण दुसऱ्या दिवशी येतात तेव्हा सीटीवर सगळं दिसत असतं आणि करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी म्हणूनच अगदी योग्य केलं. निदान रुग्णाला तपासून होतं, आणि सीटीने त्यांना रक्तस्राव नसल्याची खात्री दिली. इंजेक्शनचा ज्या चाचणीने पाया घातला, ती १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली चाचणीसुद्धा साध्या सीटीवरच उभी होती: त्रास सुरू होऊन तीन तासांच्या आत आणि सीटीत रक्त नाही, तर अल्टेप्लेझ हे गुठळी विरघळवणारं औषध. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा औषध मिळालेल्यांत जवळपास पूर्ण बरे झालेले लक्षणीयरीत्या जास्त होते. त्याची किंमतही होती. औषध मिळालेल्यांत ६.४ टक्के रुग्णांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांत ०.६ टक्के. पुढे २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. आता बऱ्याच ठिकाणी टेनेक्टेप्लेझ हे त्याच जातीचं औषध वापरतात. ते एकाच टोच्यात देता येतं आणि रुग्ण लगेच पुढच्या गावी हलवता येतो.

मग वडिलांना इंजेक्शन का नाही? इथे तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. तुम्ही त्यांना सहा वाजता पाहिलं, पण घड्याळ सहापासून सुरू होत नाही. शेवटचं नीट पाहिलं ते रात्री साडेदहाला, म्हणून हिशेब तिथून धरायचा. तालुक्याला पोहोचेपर्यंतच साडेचार तास कधीच उलटून गेले होते. अशा वेळी मी घरच्यांना खोदून विचारतो: रात्री लघवीला उठले होते का? कुणी आवाज ऐकला? पहाटे पाणी मागितलं का, कुणाचा फोन घेतला का? चार वाजता ते स्वतःच्या पायाने बाथरूमला जाऊन आले असं घरातल्या कुणी पाहिलं असेल, तर घड्याळ चारपासून सुरू होतं आणि सात वाजता इंजेक्शन देता येतं. अशी आठवण कोणत्याही यंत्रातून मिळत नाही, ती फक्त घरच्यांकडेच असते.

तसं कुणाला सांगता येत नसेल तर एमआरआय कामाला येतो, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो करायचं एक खरं कारण हेच होतं. एमआरआयमधली डिफ्यूजन ही तपासणी पाण्याच्या कणांची हालचाल पाहते. रक्तपुरवठा तुटलेली पेशी फुगते, पाणी आत अडकतं, हालचाल मंदावते, आणि तो भाग काही मिनिटांतच पांढरा चमकू लागतो. फ्लेअर नावाची दुसरी तपासणी असते, तीत बदल उमटायला काही तास लागतात. डिफ्यूजनवर डाग आहे आणि फ्लेअरवर अजून नाही, तर घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली. झोपेतून उठताना लक्षात आलेल्या पक्षाघातात या फरकाच्या आधारे इंजेक्शन द्यावं का, याची युरोपातली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ५३ टक्के चांगले सावरले, न मिळालेल्यांपैकी ४२ टक्के. वडिलांच्या रिपोर्टमध्ये ‘फ्लेअरवरही बदल दिसतो’ असं लिहिलं आहे. म्हणजे वेळ बहुधा उलटून गेली होती, आणि शहरातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन टाळलं ते बरोबरच होतं.

मग सगळ्यांचाच आधी एमआरआय का करू नये? डिफ्यूजन इतकं तरबेज असेल तर सीटीत वेळ कशाला घालवायचा, हा तुमचा मुद्दा. एमआरआयला पंधरा-वीस मिनिटं स्थिर पडून राहावं लागतं. घाबरलेला, बोलता न येणारा, उलट्या होत असलेला माणूस तसा राहत नाही. पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, अंगात कुठे क्लिप बसवली आहे का, हे विचारायचं तर तो सांगू शकत नाही. शिवाय रात्री तीन वाजता तालुक्याच्या ठिकाणी एमआरआय चालू मिळत नाही, सीटी मिळू शकतो. मोठ्या रुग्णालयात एमआरआय हाताशी असेल, माणसं तयार असतील, तर आधी एमआरआय करणारी केंद्रं आहेत आणि ती उत्तम काम करतात. आपल्याकडे बहुतेकांसाठी मात्र सीटीच पहिला. वेळ खऱ्या अर्थाने वाया जातो तो दुसरीकडेच: रुग्णाला घेऊन नुसत्या स्कॅन सेंटरवर जाणं, तिथे नंबर लावणं, रिपोर्टची वाट पाहणं, आणि मग रुग्णालय शोधणं. सेंटरवर स्कॅन होतो, उपचार होत नाहीत. मोठी धमनी बंद असताना मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात असं अमेरिकन न्यूरोलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलं होतं. त्या रांगेतला अर्धा तास या हिशेबात धरून बघा.

आता मानेचा आणि डोक्याचा डाय टाकून केलेला स्कॅन. वडिलांचं नशीब त्याच स्कॅनने बदललं असं मी म्हणेन. याला सीटी अँजिओग्राफी म्हणतात. छातीतल्या महाधमनीच्या कमानीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतच्या सगळ्या धमन्या त्यात दिसतात. गुठळी नेमकी कुठे आहे, मोठ्या धमनीत की बारीक फांदीत, नळी वर न्यायला वाट सरळ आहे की नाही, मानेतली कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी, अरुंद झाली आहे का, हे सगळं एकदम कळतं. मोठी गुठळी नुसत्या इंजेक्शनने बऱ्याचदा सुटत नाही, ती नळीने ओढून काढावी लागते. अनेक घरांत मधुमेही रुग्णाच्या किडनीच्या काळजीने क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंत डाय थांबवा असा आग्रह होतो. मोठी धमनी बंद असल्याचा दाट संशय असेल तर या रिपोर्टसाठी थांबू नये, असंच आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मेंदूचं होणारं नुकसान निश्चित आहे, किडनीचा धोका त्या मानाने लहान.

‘पण अकरा-बारा तास झाल्यावर गुठळी काढून काय उपयोग?’ असंही तुम्ही विचारलं असतं तर ते साहजिक होतं. २०१५ पर्यंत ठोस पुरावा पहिल्या सहा तासांचाही नव्हता. पाटाचं दार बंद झालं की खालची सगळी शेतं एकाच दिवशी करपत नाहीत. ज्याला शेजारच्या विहिरीचं थोडं पाणी मिळतं ते पीक माना टाकतं, पण जिवंत असतं. मेंदूतही शेजारच्या बारीक धमन्या थोडंफार रक्त पुरवत राहतात. तो भाग काम थांबवतो, मरत नाही. कुणाचा हा आधार तासाभरात संपतो, कुणाचा दिवसभर टिकतो. म्हणून उशिरा आलेल्या रुग्णात घड्याळापेक्षा मेंदूच्या स्थितीला महत्त्व येतं: हात पूर्ण पडलाय, वाचा गेलीय, पण डिफ्यूजनवरचा डाग लहान आहे, तर वाचवण्यासारखं बरंच उरलं आहे. काही ठिकाणी हीच गोष्ट सीटी परफ्यूजनने, म्हणजे मेंदूच्या कोणत्या भागाला किती रक्त मिळतं ते दाखवणाऱ्या सीटीने, मोजतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉन या चाचणीत सहा ते चोवीस तासांच्या दरम्यान आलेले असेच निवडक रुग्ण घेतले होते. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते, न काढलेल्यांपैकी १३ टक्के. एवढा फरक वैद्यकात क्वचित पाहायला मिळतो. तुमच्या वडिलांच्या तिन्ही स्कॅनला तीन वेगळे प्रश्न होते, आणि प्रत्येक उत्तरावर पुढचं पाऊल अवलंबून होतं. विनाकारण केलेले स्कॅनही मी पाहतो, आणि त्याबद्दल तुमची चीड मला पूर्ण समजते. पण हे तीन त्यातले नाहीत.

स्कॅन फसवतात त्या जागाही माहीत हव्यात. मेंदूचा मागचा, खालचा भाग कानामागच्या जाड हाडांमध्ये असतो, तिथे सीटीवर पट्टे पडतात आणि लहान पक्षाघात लपतो. अचानक गरगरायला लागलं, तोल जातोय, दुहेरी दिसतंय, गिळता येत नाही, आणि सीटी नॉर्मल, तर त्या नॉर्मलवर मी अजिबात विसंबत नाही. डिफ्यूजनसुद्धा इथे पहिल्या एक-दोन दिवसांत कोरं येऊ शकतं. एकूण पक्षाघातांत शंभरातल्या सहा-सात जणांचं डिफ्यूजन कोरं निघतं, आणि त्यात या मागच्या भागाचे जास्त. अनुभवी डॉक्टरने डोळ्यांची हालचाल नीट तपासणं अशा वेळी पहिल्या एमआरआयपेक्षा भरवशाचं ठरतं.

आणि प्रत्येक लुळा हात पक्षाघाताचा नसतो. साखर खूप उतरली तरी एक बाजू पडू शकते. म्हणून बोटातून साखर तपासणं स्कॅनच्याही आधी व्हायला हवं, मधुमेह्यात तर नक्कीच. फिट येऊन गेल्यावर काही तास हात लुळा राहतो. आपल्याकडे त्या फिटमागे टेपवर्मची गाठ किंवा क्षयाची गाठ निघू शकते, त्यासाठी डाय देऊन केलेला एमआरआय लागतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आजोबा पंधरा-वीस दिवसांपूर्वी पडले असतील तर कवटीखाली साचलेलं रक्त एव्हाना मेंदूच्याच रंगाचं झालेलं असतं आणि सीटीत सहज नजरेतून सुटतं. पडल्याची हकिकत सांगितली नाही तर वाचणारा त्या कडेला बघतोच असं नाही.

बाळंतिणीबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण त्या तरुण असतात आणि वेळेवर कळलं तर बऱ्याच जणी पूर्ण बऱ्या होतात. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत वाढत जाणारी डोकेदुखी, मग फिट किंवा हात-पाय लुळा पडणं, यात अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी झालेली असू शकते. काही घरांत बाळंतिणीला पाणी बेताने देण्याची चाल अजून आहे. अंगातलं पाणी कमी झालं की या गुठळीला आयतं निमित्त मिळतं. इथे साधा सीटी नॉर्मल वाटू शकतो, किंवा मेंदूत रक्त सांडलेलंही दिसतं. शिरांचा वेगळा स्कॅन, म्हणजे व्हेनोग्राफी, मागितल्याशिवाय निदान होत नाही. आणि रक्त सांडलेलं दिसलं तरी यात हेपारिन हे रक्त पातळ करणारं औषध द्यावं लागतं, जे एरवी कुणी दिलं नसतं. ‘सव्वा महिन्याची बाळंतीण’ एवढे शब्द स्कॅनच्या चिठ्ठीवर असतील तर आम्ही शिरांकडे आधी बघतो.

तर आईसाठी कोणता स्कॅन मागायचा? कोणताच मागू नका. ज्या रुग्णालयात चोवीस तास सीटी चालू आहे आणि तिथेच इंजेक्शनही देतात, असं तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचं ठिकाण आजच चौकशी करून ठेवा. जिल्ह्यात गुठळी काढण्याची सोय कुठे आहे तेही विचारून घ्या. वेळ आली तर १०८ ला फोन करा. निघताना तोंडाने काही खायला-प्यायला देऊ नका, साखरपाणीसुद्धा नाही, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. बीपी वाढलं म्हणून घरी जिभेखाली गोळी ठेवू नका. आईच्या गोळ्यांची पिशवी उचला, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी असेल तर. आणि दारात पोहोचल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: शेवटचं नीट अमुक वाजता पाहिलं. पंधरा मिनिटांत हात आपोआप सुधारला तरीही जाच. अशा सुधारलेल्यांतही डिफ्यूजनवर बऱ्याच जणांना डाग सापडतो, आणि मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो.

वडिलांच्या बाबतीत अजून दोन गोष्टी पाहून घ्या. गुठळी काढल्यानंतर साधारण चोवीस तासांनी पुन्हा साधा सीटी झाला असेल, त्यात रक्तस्राव नाही हे बघूनच पुढची रक्त पातळ ठेवणारी औषधं सुरू करतात. तो चौथा स्कॅन बिलात दिसला तर दचकू नका. आणि डिस्चार्ज कार्डवर गुठळी कुठून आली याचं उत्तर लिहिलेलं आहे का? मानेतली कॅरोटिड, हृदयाची अनियमित लय, की दुसरं काही? एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून ही लय नाही असं ठरत नाही, ती मधूनच येते आणि जाते. होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सलग नोंदवत राहणारं छोटं यंत्र, लावलं नसेल तर पुढच्या तपासणीला तेवढं नक्की विचारा, आणि स्कॅनच्या फिल्मबरोबर सीडीही मागून घेऊन न्या.